स्वतः सोडलेली नोकरी

चहा गाळला की गाळणं तिथल्या तिथे धुवायचं. कुणी 'काकू' म्हटलं तर ऐकू आलं नाही असं दाखवायचं. 'ताई' म्हटलं की लगेच वळायचं. बोलणाऱ्या माणसाच्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघायचं. सुई, सुरी, स्क्रू, काहीही टोकदार हाती आलं की उजेडाकडे धरून डावा डोळा मिटायचा. दुसऱ्याच्या घरचा पदार्थ आवडला तर कृती विचारायची नाही. घरी येऊन जमेपर्यंत करत राहायचं. फोटोत कडेला उभं राहायचं नाही. आणि कुठूनही उठायचं ते यजमानांना जांभई यायच्या आत.

सुलेखाताईंच्या या सवयी अमेरिकेत, एडिसनमधल्या त्यांच्या मराठी गोतावळ्याला पाठ होत्या. शेवटच्या सवयीचं तर कौतुक व्हायचं. बाई कधी कुणाला जड झाली नाही, असं लोक म्हणायचे.

एडिसनच्या पलीकडे, हायवेलगत, दंतवैद्यांच्या ड्रिलची आणि दात साफ करायच्या हत्यारांची टोकं बनवणारा एक कारखाना होता. तांदळाच्या कणीएवढी टोकं. सुलेखाताई तपासणीच्या टेबलावर होत्या. टोक मायक्रोस्कोपखाली धरायचं, फिरवायचं. चांगलं असेल तर निळ्या ट्रेमध्ये, चिरलेलं असेल तर लाल ट्रेमध्ये. त्या नागपूरच्या बी.एस्सी. मुलगा नकुल मोठा झाल्यावर 'थोडे दिवस बघू' म्हणून कामाला लागल्या आणि चौदा वर्षं राहिल्या. नकुल आता दूर प्लेनोला नोकरी करत होता. नवरा संजीव रोज ट्रेनने न्यूयॉर्कला जायचे. ते आयटीत. त्यांची नोकरी तीनदा गेली आणि तीनदा आली. सुलेखाताईंची एकदाही गेली नाही. हे त्या बोलून दाखवत नसत. विषय निघाला की मान मात्र थोडी वर व्हायची.

ज्ञानदाला कारखान्यात त्यांनीच लावलं होतं. पुण्याची मुलगी, मराठी साहित्यात एम.ए., लग्न करून आलेली. मराठी मंडळाच्या गणपतीत ती भांडी विसळत होती आणि सुलेखाताई पुसत होत्या.

"इथे मराठीच्या एम.ए.ला काय काम मिळतं हो, ताई?" तिने विचारलं होतं.

पहिल्याच भेटीत 'ताई' म्हणाली. सुलेखाताईंना मुलगी आवडली.

तिचं ग्रीन कार्ड आल्यावर त्यांनी तिला शेजारच्या टेबलावर बसवलं. "टोकाकडे बघू नकोस," त्या म्हणाल्या. "टोकाच्या सावलीकडे बघ." ज्ञानदाचा लाल ट्रे सुरुवातीला नेहमी जास्त भरायचा. चांगली टोकंही ती लाल ट्रेमध्ये टाकायची. सुलेखाताई जेवणाच्या सुट्टीत ती हळूच परत निळ्यात टाकायच्या. कुणाला कळू दिलं नाही. मुलगी आपल्या हाताखाली तयार होतेय, हे सुख वेगळंच होतं.

मग कंपनीच्या कोस्टा रिकातल्या नव्या कारखान्यातून दोन मुली काम शिकायला आल्या. त्यांना शिकवण्याचं काम सुलेखाताईंकडेच आलं. शिकवता शिकवता त्यांच्या लक्षात आलं, की आपण आपलीच खुर्ची पुसून देतोय.

एका दुपारी सुपरवायझर डेनिस त्यांच्या टेबलाशी येऊन वाकली. तोंडावरचा मास्क खाली करून हलक्या आवाजात म्हणाली, "सू, तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. पुढच्या महिन्याअखेर पहिला गट कमी करतायत. त्यात तू आहेस."

सुलेखाताईंनी मायक्रोस्कोपवरून डोळा काढला नाही. "ओके," एवढंच म्हणाल्या. मग हळूच शेजारी पाहिलं. ज्ञानदाच्या कानात इअरफोन होते. ती काम करत होती.

घरी जाताना त्यांनी गाडी देशी दुकानांच्या ओक ट्री रोडवर थांबवली आणि तशाच बसून राहिल्या. त्यांना एकच शब्द ऐकू येत होता. काढलं. फ्रिस्कोला त्यांची नणंद रीमा होती. दोन वर्षांपूर्वी रीमाच्या नवऱ्याची, श्रीरामची, नोकरी गेली. तेव्हा सुलेखाताईंनी सगळ्या नातेवाइकांना फोन केले होते. आवाज खाली आणून म्हणायच्या, "श्रीरामला काढलं ना हो." काळजीनेच म्हणायच्या. पण म्हणायच्या. आता रीमा फोन करेल. तीही काळजीनेच करेल.

दोन दिवसांनी त्यांनी राजीनामा दिला.

डेनिस गोंधळली. "अगं, थोडं थांब. तसंही तुला मिळेल ना जाताना काहीतरी."

"नको. मला घरच्यांना वेळ द्यायचाय."

संजीवना त्यांनी तेच सांगितलं. कंटाळा आला, मीच सोडतेय. मंडळात तेच सांगितलं. रीमाला स्वतःहून फोन करून सांगितलं. शेवटच्या दिवशी ओक ट्री रोडवरून अंडं नसलेला पाइनॅपल केक नेला. त्यावर इंग्रजीत 'हॅपी रिटायरमेंट' लिहून घेतलं होतं. केक त्यांनी स्वतः कापला आणि स्वतः वाटला. ज्ञानदाने दुसरा तुकडा मागून घेतला.

त्याच दिवशी पॅकिंगमधली लूस एक अर्ज घेऊन आली. परदेशी व्यापारामुळे ज्यांचं काम गेलं, त्यांच्यासाठी सरकारची एक मदत होती. काम खरंच बाहेर गेलंय असं सरकारला पटलं, तर कमी केलेल्या सगळ्यांना नवं काही शिकता यायचं. फी, पुस्तकं, शिकतानाचा आधार, सगळं. अर्जावर तीन कामगारांच्या सह्या लागत. दोन झाल्या होत्या. लूस तिसरी मागायला सगळ्यात जुन्या बाईकडे आली.

"मी तर सोडून चाललेय," सुलेखाताई म्हणाल्या. आणि लूस गेल्यावर ज्ञानदाला मराठीत म्हणाल्या, "सरकारपुढे हात पसरायचे दिवस आले का गं आपले?"

 तिसरी सही ज्ञानदाने केली.

महिन्याअखेर पहिला गट कमी झाला. ज्ञानदाही त्यात होती. तिने पार्किंगमधून फोन केला. तिला नीट बोलता येत नव्हतं.

"तुला काढलं म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस हं," सुलेखाताई म्हणाल्या. "होतं असं. नवीन माणसांना आधी काढतात."

फोन ठेवल्यावर त्यांना हलकं वाटलं. आपण वेळेत उठलो. त्या रात्री त्यांनी पुरणपोळ्या केल्या. निमित्त काहीच नव्हतं.

अर्ज वसंतात मंजूर झाला.

ज्ञानदा रविवारी पेढे घेऊन आली. "ताई, अप्रूव्ह झालं! कम्युनिटी कॉलेज. दोन वर्षांचा कोर्स. डेंटल हायजिनिस्ट."

सुलेखाताईंनी पेढा तोंडाजवळ नेला होता, तो तसाच धरून ठेवला.

दाताच्या डॉक्टरकडे गेल्या की त्या डॉक्टरकडे कधी बघत नसत. दात साफ करणाऱ्या बाईकडे, हायजिनिस्टकडे, बघत. तिची बोटं, तिचा छोटा आरसा, हातातलं हत्यार. ते टोक कधीतरी माझ्या हाताखालून गेलं असेल, असं वाटायचं. त्या कोर्सची माहिती त्यांनी एकदा कॉलेजात जाऊन आणली होती. तेव्हा नकुलचं कॉलेज चालू होतं. माहिती खणात गेली. ही गोष्ट त्यांनी आयुष्यात एकाच व्यक्तीला सांगितली होती, आणि ती व्यक्ती समोर पेढ्यांचा बॉक्स घेऊन बसली होती.

"तुम्हीच म्हणाला होतात ना," ज्ञानदा म्हणाली. "टोकं तपासण्यापेक्षा ती हातात धरणारी बाई व्हायला आवडलं असतं. माझ्या डोक्यात तेच राहिलं बघा."

"वा," सुलेखाताई म्हणाल्या. "माझं बोलणं वाया गेलं नाही म्हणायचं."

"कमाल आहे हं पोरीची," संजीव म्हणाले. "या वयात परत शिकायचं म्हणजे..."

"या वयात म्हणजे? एकोणतीस वर्षांची आहे ती." सुलेखाताई उठल्या. चहा केला. ज्ञानदाला कान तुटलेल्या कपात दिला. तो कप झाडाला पाणी घालायचा होता. चूक त्यांच्या लगेच लक्षात आली. त्यांनी कप बदलला नाही.

त्यानंतर ज्ञानदा रविवारी येऊ लागली आणि सुलेखाताईंचा सोमवार वाईट जाऊ लागला. तिचं फोटो असलेलं कॉलेजचं कार्ड. तिची पाठीवरची सॅक. सॅकमधला प्लास्टिकचा जबडा, ज्याचे दात सुटे व्हायचे. सगळ्याहून वाईट म्हणजे तिची तक्रार. "केवढा अभ्यास आहे हो," असं ती म्हणायची. ज्याला मिळतं त्यालाच तक्रार करता येते.

"ताई, इथे प्रत्येक दाताला नंबर असतो, माहितीये? आपल्याकडे अक्कलदाढ म्हटलं की संपलं."

"तुझी आली का?"

"काय?"

"अक्कलदाढ."

ज्ञानदा मोकळेपणाने हसली. तिचे दात सरळ, पांढरे होते. सुलेखाताईंनी तेवढ्यात वरच्या डाव्या बाजूची थोडी कीड पाहून घेतली. बरं वाटलं.

रात्री त्या संजीवना म्हणायच्या, "मुलगी भाबडी आहे, पण हाताला वळण नाही. लाल ट्रे भरलेला असायचा हिचा. मी झाकलं म्हणून टिकली."

"मग तू का नाही करत तो कोर्स?" एकदा संजीव सहज म्हणाले. "तुझंही काम तिकडेच गेलं ना? एकच कारखाना, एकच लाइन."

दुसऱ्या दिवशी कुणालाही न सांगता त्या राज्याच्या रोजगार कार्यालयात गेल्या.

काउंटरवरच्या बाईने कंपनीची यादी पाहिली. "तुमचं नाव नाही. कंपनी म्हणते, तुम्ही स्वतः सोडलीत."

"लाइन बंदच होणार होती."

"होणार होती म्हणजे झाली नव्हती. मदत, काम नाही म्हणून कमी केलेल्यांना आहे. सोडून गेलेल्यांना नाही." मग तिने यादी बाजूला ठेवली. बाई चांगली होती. "तुम्हाला कुणी आधी सांगितलं होतं का, की तुम्हाला काढणार आहेत? तुम्हाला, नाव घेऊन? आणि ती तारीख जवळ आली होती का? तसं असेल तर गोष्ट वेगळी. अपील करा. फोनवर सुनावणी होते. कुणी ऐकलं असेल तर साक्षीला आणा."

म्हणजे सगळं एका वाक्यावर होतं. ते वाक्य डेनिस बोलली होती. डेनिस आता फ्लोरिडाला होती आणि फोन उचलत नव्हती. उरल्या त्या एकट्या सुलेखाताई. त्यांनी म्हणायचं होतं, हो, मला काढणार होते, मला माहीत होतं. एवढं म्हटलं की कॉलेज, कार्ड, जबडा, सगळं त्यांचंही. ही योजनाही संपत आली होती. त्या उन्हाळ्यानंतर नवे अर्ज मंजूर होणार नव्हते. पुन्हा अशी संधी येणार नव्हती.

त्यांनी अपील केलं. कारणाच्या जागी लिहिलं, 'लाइन बंद होणार हे सर्वांना माहीत होतं.' सर्वांना. स्वतःचं नाव घेतलं नाही. एवढ्याने भागेल, असं त्यांनी स्वतःला पटवलं. आणि सर्वांना माहीत होतं हे सांगायला एक साक्षीदार हवा होता.

विचारायला त्यांना चार रविवार लागले.

"हो, येईन ना," ज्ञानदा म्हणाली. "काय सांगायचंय?"

"तुला जे माहीत आहे ते."

"सगळं?"

"सगळं. लाइन बंद होणार होती, हेच की."

 ज्ञानदा म्हणाली, "नक्की मिळेल बघा, ताई. आपण एकत्र जाऊ कॉलेजला. तुम्ही ड्राइव्ह करा, मी झोपते." इतक्या सहज हो म्हणाली. तेही सुलेखाताईंना खुपलं. आपल्याला हिच्याकडे मागायला महिना लागला आणि हिला द्यायला क्षणही लागला नाही.

निघताना तिने सॅकमधून एक पँट काढली. क्लिनिकची, वाइनच्या रंगाची. "उद्या नाही, पुढच्या सोमवारपासून पेशंट आहेत. ही केवढी लांब आहे बघा. आखूड करून द्याल?"

"घाल. उभी राहा सरळ."

सुलेखाताई गुडघ्यांवर बसल्या. तोंडात टाचण्या धरल्या. ज्ञानदा खुर्चीवर चढून उभी होती आणि फोनवर कुणालातरी सांगत होती, की तिला उशीर होईल. सुलेखाताईंनी तिच्या पावलांशी वाकून कापड दुमडलं आणि टाचण्या लावल्या. पँट त्यांना बसली असती. कमरेत थोडी सैल करावी लागली असती, इतकंच.

सुनावणी त्याच आठवड्यात शुक्रवारी होती. संजीव घरी थांबले. टेबलावर फोन स्पीकरवर होता. फोन येईपर्यंत हात रिकामे नकोत म्हणून सुलेखाताईंनी मशीन उघडलं आणि पँटचा डावा पाय शिवून टाकला. बारीक, सरळ टीप. दोरा तोडला आणि फोन वाजला.

सुनावणी घेणाऱ्या बाईंचा आवाज थकलेला पण नीट होता. ज्ञानदा तिच्या घरून लाइनवर आली. शपथ झाली.

"तुम्ही नोकरी का सोडलीत?"

"लाइन बंद होणार होती. सगळ्यांना माहीत होतं."

"मी सगळ्यांचं विचारत नाही, मॅडम. तुम्हाला स्वतःला कुणी सांगितलं होतं का, की तुम्हाला कमी करणार आहेत?"

संजीव चहाचा कप हातात घेऊन त्यांच्याकडे बघत होते.

"वातावरणच तसं होतं," सुलेखाताई म्हणाल्या.

"ठीक. साक्षीदारांना विचारू."

ज्ञानदाचा आवाज आला. तिचं इंग्रजी पुस्तकी होतं, पण स्वच्छ. "सुपरवायझर डेनिस त्यांच्या टेबलापाशी आली. मी शेजारीच होते. ती म्हणाली, पुढच्या महिन्याअखेर पहिला गट कमी करतायत आणि त्यात तू आहेस."

"तुम्ही हे स्वतः ऐकलंत?"

"हो. माझ्या कानात इअरफोन होते, पण त्यांचं चार्जिंग संपलं होतं. मी काढले नव्हते, इतकंच."

सुलेखाताई खुर्चीत नीट बसल्या.

म्हणजे हिला माहीत होतं. त्या दुपारपासून. केक कापला तेव्हा माहीत होतं. दुसरा तुकडा मागितला तेव्हा माहीत होतं. 'तुला काढलं म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस' हे तिने पार्किंगमध्ये उभं राहून ऐकून घेतलं, आणि तेव्हाही माहीत होतं. 'सरकारपुढे हात पसरायचे दिवस आले का' हेही. कान तुटलेल्या कपातला चहाही ती प्यायली. इतके रविवार ती समोर बसून गप्प राहिली, कारण तिला त्यांची दया आली होती. अगदी तशीच, जशी त्यांना श्रीरामची यायची.

नोकरी तिला मिळाली ती त्यांच्यामुळे. स्वप्न तिने उचललं ते त्यांचं. आता मोठं मनही तिचंच निघालं.

"मॅडम," फोनमधला आवाज म्हणाला, "साक्षीदार म्हणतात ते महत्त्वाचं आहे. तुम्ही मघाशी असं सांगितलं नाहीत, म्हणून पुन्हा विचारते. सावकाश सांगा. असं घडलं होतं का?"

बाई जणू दार उघडून उभी होती. हो म्हणायचं, इतकंच.

"नाही," सुलेखाताई म्हणाल्या. चौदा वर्षांत बोलल्या नव्हत्या इतक्या स्वच्छ इंग्रजीत बोलल्या. "असं मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मुलगी चांगली आहे. माझ्यासाठी बोलतेय. नोकरी मी माझ्या मनाने सोडली."

 लाइनवर ज्ञानदाचा श्वास ऐकू आला.

"साक्षीदारांना आणखी काही सांगायचंय?"

"मी ऐकलं होतं," ज्ञानदा म्हणाली. मग हळूच मराठीत, "ताई?"

सुलेखाताईंनी गाळणं धुतलं आहे की नाही हे बघायला सिंककडे मान वळवली.

सुनावणी संपली. संजीवांनी फोन बंद केला.

"ती खोटं बोलेल असं वाटत नाही मला," ते म्हणाले.

"चहा गार झाला तुमचा."

"सुलेखा."

"दुसरा टाकते."

निकाल पुढच्या आठवड्यात आला. अपील फेटाळलं होतं. अर्जदाराने नोकरी स्वेच्छेने सोडली, असं त्यात होतं. सुलेखाताईंनी ते वाचून संजीवच्या हातात दिलं. "बघा. तिथेही तेच म्हणतायत."

आता त्या ओक ट्री रोडवर साड्यांच्या एका दुकानात फॉल-पिकोचं काम घेतात. काम घरी आणतात. हात चांगला आहे, गिऱ्हाइकं नाव घेऊन मागतात. आलेली साडी दुसऱ्या दिवशी परत जाते. कधी कुणाला थांबवलं नाही. मंडळात विचारलं तर सांगतात, नोकरी सोडल्यापासून स्वतःसाठी वेळ मिळतो.

ज्ञानदा सुनावणीनंतरच्या सोमवारी दुसऱ्या लांब पँटचे पाय दुमडून क्लिनिकला गेली. पुढच्या रविवारी ती आली नाही. त्यानंतर एकदा तिने पँटचं विचारलं. 'करते,' असं उत्तर गेलं.

मशीन रोज चालतं. वाइनच्या रंगाचा दोराही रिळावर आहे. दहा मिनिटांचं काम. कधीकधी सुलेखाताई खालचा खण उघडतात, पँट मांडीवर घेतात, कापड उजेडाकडे धरून डावा डोळा मिटतात. मग घडी करून परत ठेवतात. डावा पाय शिवलेला आहे. उजव्या पायात अजून टाचण्या आहेत.